जोडसामग्री आणि नकाशा : सावईवेरे येथील आठ इंची दुर्बिणीच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

वाचनालयाच्या आकाशदर्शन गटाला देणगीदाखल मिळालेली आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर हाताने वळवायची, आरशाची) दुर्बीण दिवाळीनंतर गोव्यातील सावईवेरे येथे पोचली आणि आज गटाची पहिली बैठक झाली. आरशाचा व्यास २०० मिलिमीटर, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे नाभीय गुणोत्तर ६. सोबत २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन प्लॉसल (साध्या, प्रचलित रचनेच्या) नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगे, आणि मोठ्या नळीवर बसणारी, वस्तू शोधून देणारी ९×५० ची (९ पट, ५० मिलिमीटर भिंगाची) सरळ शोधक दुर्बीण आली आहे. समितीने जोडसामग्रीसाठी ३२,००० रुपये मंजूर केले, मात्र प्रत्येक खरेदीचे कारण लेखी असावे अशी अट घातली. ही वही त्या अटीमुळे सुरू झाली.

बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे "किती पट मोठे दिसते?" हाच आला आणि त्या ओघात तिप्पट बार्लो भिंगापासून (नेत्रिकेआधी बसवून विशालन वाढवणारे भिंग) ४ मिलिमीटरच्या नेत्रिकेपर्यंत एक लांबलचक यादी तयार झाली. गटातील निवृत्त शिक्षकांनी, ज्यांना सारा गाव मास्तर म्हणतो, ती यादी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच सूचना केली : ज्या वस्तूची उणीव प्रत्यक्ष रात्री जाणवेल आणि वहीत लिहिली जाईल, तीच विकत घ्यावी. सूचना एकमताने मान्य झाली. यादी करणाऱ्यांचे चेहरे मात्र थोडे उतरले, आणि त्यांत मीही होतो.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

अमावास्येच्या आदली रात्र. दुर्बीण घरामागे कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, वरच्या अंगणात मांडली. गुरू वृषभ राशीत, रोहिणीपासून फार दूर नाही, आणि आठवड्याभरात प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर, येणार असल्यामुळे चांगलाच ठळक. १० मिलिमीटरच्या नेत्रिकेतून १२० पट विशालनावर त्याचे दोन पट्टे आणि चारही मोठे चंद्र मुलांनी पाहिले. इथपर्यंत कसलीच उणीव भासली नाही.

साडेदहाच्या सुमारास दहावीतली एक मुलगी म्हणाली, "मास्तर, शोधकातले तारे विझत चालले." आकाश निरभ्र होते. टॉर्च लावून पाहिले तर शोधक दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर दवाचा एकसंध थर बसला होता, आणि दुर्बिणीची नळी बाहेरून इतकी ओली होती की हात लावल्यावर बोटांवरून पाणी ओघळले. त्या क्षणी मी जे केले ते करू नये म्हणूनच येथे लिहून ठेवतो : खांद्यावरच्या पंचाने मी ती काच पुसली. दव गेले आणि पाच मिनिटांत परत आले. काचेवर उठलेल्या बारीक रेघा मात्र कायमच्या राहिल्या.

मोठ्या आरशाला काहीच झाले नव्हते, कारण तो नळीच्या तळाशी बसतो आणि नळीच त्याचे छत्र असते. आकाशाकडे उघडी असलेली काच मात्र आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. दवबिंदूच्या, म्हणजे दव धरू लागते त्या तापमानाच्या, खाली उतरली की हवेतला ओलावा तिच्यावर जमतो. समुद्र, मांडवीचे खोरे आणि पाटाच्या पाण्यावर जगणारे कुळागर या तिघांच्या मध्ये राहणाऱ्याने ही गोष्ट आधीच ओळखायला हवी होती. वहीतली पहिली उणीव अशी नोंदली गेली : दवापासून संरक्षण. विशालन नव्हे.

८ डिसेंबर २०२४, रविवार

आज केवळ हिशेब. विशालन म्हणजे दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर, म्हणून आपल्याकडे सध्या ४८ आणि १२० पट आहे. दुप्पट बार्लो घेतल्यास २५ ची नेत्रिका साडेबारासारखी वागेल, म्हणजे ९६ पट, जे १२० च्या इतके जवळ आहे की पैसे खर्चून जवळपास तीच वस्तू पुन्हा घेतल्यासारखे होईल. १० ची नेत्रिका बार्लोसह २४० पट देते, पण वातावरण फारच स्थिर असल्याखेरीज तेवढे विशालन प्रतिमा फक्त फुगवते, नवे तपशील दाखवत नाही.

त्याऐवजी दोन्ही टोकांना एकेक नेत्रिका घ्यावी असे ठरत आहे. खालच्या टोकाला ३२ मिलिमीटरचे प्लॉसल : ३७.५ पट, आणि नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास ५.३ मिलिमीटर, जो अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीत सहज मावतो. सव्वा इंची नळकांड्यात याहून रुंद क्षेत्र मिळत नाही. आकाशाचा सुमारे १.३ अंश एका वेळी दिसेल. वरच्या टोकाला ८ मिलिमीटर, म्हणजे १५० पट. येथे प्लॉसल नको, कारण प्लॉसलमध्ये डोळा ठेवण्याचे अंतर नाभीय अंतराच्या साधारण सात दशांश असते. आठच्या प्लॉसलला पापण्या काचेला घासतील, आणि गटातील नऊपैकी पाच जण चष्मा लावतात. मास्तरांना दृष्टिवैषम्य आहे, त्यामुळे चष्मा काढून नाभीयन जुळवण्याचा उपायही त्यांना लागू नाही. म्हणून डोळ्यासाठी २० मिलिमीटर अंतर देणाऱ्या प्रकारातली ८ ची नेत्रिका सुचवली आहे. तिची किंमत प्लॉसलच्या कितीतरी वर जाते. समितीला कारण द्यायचे तर पाच चष्मे हे पुरेसे कारण आहे.

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

आकाशाच्या नकाशासाठी आज तीन संगणकप्रणाली एका जुन्या लॅपटॉपवर शेजारी शेजारी चालवून पाहिल्या : स्टेलॅरियम, कार्त द्यू सिएल आणि केस्टार्स. तिन्ही मुक्त आणि मोफत आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. कसोट्या आम्ही चार ठरवल्या. इंटरनेटशिवाय चालणे, कारण आमच्या अंगणातही रेंज झाडाच्या सावलीसारखी येते-जाते. रात्रीसाठी लाल पडदा. कागदावर स्वच्छ छपाई. आणि चौथी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे आपल्या अंगणाचे खरे क्षितिज त्यात भरता येणे.

केस्टार्स लवकर बाजूला पडले. त्याचे बळ दुर्बीण आणि कॅमेरा संगणकाने चालवण्यात आहे आणि आमची दुर्बीण हाताने ढकलायची आहे. कार्त द्यू सिएलचा पडदा रुक्ष दिसतो, पण छपाईत त्याला तोड नाही. तेजाच्या कुठल्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवायचे, शोधकाचे वर्तुळ किती अंशांचे काढायचे, नकाशा उलटा करायचा की आरशातल्यासारखा, हे सारे ठरवून काळ्या शाईत छापता येते. आमच्या सरळ शोधकात प्रतिमा उलटी दिसत असल्यामुळे १८० अंशांत फिरवलेले नकाशे छापून घेतले. स्टेलॅरियममध्ये दुर्बीण आणि नेत्रिका यांची मापे एकदा भरली की नेत्रिकेत प्रत्यक्ष किती आकाश मावेल ते वर्तुळात दिसते. खरेदीआधीच ३२ आणि ८ च्या नेत्रिकांतून कृत्तिका पाहता आल्या : ३२ मध्ये मुख्य तारे मावतात, आठमध्ये एखाददुसरा उरतो. मुलांना त्यातील भारतीय नक्षत्रांची मांडणी आवडली, पण पाश्चात्त्य तारकासमूहांच्या रेषाही त्यांना याव्यात असा मास्तरांचा आग्रह आहे आणि तो योग्य आहे.

क्षितिज भरण्याचे काम दुपारभर चालले. दर दहा अंशांच्या दिगंशाला झाडांचा शेंडा किती उंच दिसतो ते कोनमापकाने मोजून ३६ ओळींची एक साधी मजकूर फाइल केली. प्रत्येक ओळीत आधी दिगंश (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेला कोन), मग उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची). उत्तर दिशा ध्रुवावरून घ्यायची पंचाईत होती, कारण येथून ध्रुव अवघा साडेपंधरा अंश वर असतो आणि आमच्या उत्तरेला पोफळींची भिंत आहे. म्हणून संध्याकाळी उगवत्या व्याधाचा दिगंश प्रणालीतून वाचून मोजपट्टीचा शून्य त्यावरून बसवला.

फाइल चढवल्यावर पडद्यावर जे दिसले ते थोडे निराश करणारे होते. दक्षिणेला आमचे माड १७ अंशांपर्यंत चढतात. येथून ईटा करीनाचा तेजोमेघ जास्तीत जास्त १५ अंश वर येतो आणि त्रिशंकूचा पायथ्याचा तारा साडेअकरा. म्हणजे या अंगणातून ते कधीच दिसणार नाहीत, नेत्रिका कोणतीही असो. शिवाय त्याच दिशेला फोंडा शहराचा उजेड. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ मात्र २७ अंशांपर्यंत येतो, तो मिळेल. दिल्लीपुण्याच्या हौशी निरीक्षकांपेक्षा आपल्याला दक्षिण आकाश अधिक मिळते, ही आमची मुख्य मिरास. ती माडांमागे घालवण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये दक्षिण गोव्यातील नेत्रावळीजवळच्या मामेभावाच्या खळ्यावर दुर्बीण नेण्याचे ठरले.

५ जानेवारी २०२५, रविवार

दवासाठी दोन उपाय केले. पहिला फुकटचा : पोफळीच्या झावळीचा तो रुंद, चिवट देठ, ज्याच्या ताटल्या करतात, तो वळवून शोधकापुढे नळीसारखा बांधला. पहिल्या रात्री उत्तम चालला. दुसऱ्या रात्री ओल पिऊन स्वतःच उलगडला. आता त्या जागी योगासनांच्या चटईचा काळा तुकडा आहे. त्याने दव दोनेक तास लांबते, थांबत नाही.

दुसरा उपाय विजेचा. ३३० ओहमचे आठ रेझिस्टर समांतर झाळून त्यांची पट्टी शोधकाच्या तोंडाभोवती वेल्क्रोने गुंडाळायची. १२ व्होल्टवर प्रत्येकातून ०.४४ वॅट, आठांचे मिळून साडेतीन वॅट. हिशेब बरोबर होता, रेझिस्टर चुकीचे होते. मी पाव वॅट क्षमतेचे आणले. पाच मिनिटांत करपल्याचा वास आला आणि दोघांचे रंगीत पट्टे काळे पडले. आज एक वॅटचे बसवले आणि वरून श्रिंक ट्यूब (उष्णतेने आकसणारे आवरण) चढवली. काच हाताला जेमतेम कोमट लागते. तेवढेच हवे आहे, कारण काच दवबिंदूच्या अंशभर वर राहिली तरी पुरते, आणि जास्त तापवली तर तिच्यापुढची हवा थरथरते. ७ अँपिअर-तासांच्या बंद बॅटरीवर ही पट्टी अख्खी रात्र चालते आणि बॅटरी निम्म्याच्या खाली जात नाही. सगळा खर्च बॅटरी धरूनही एका मध्यम नेत्रिकेपेक्षा कमी.

२५ जानेवारी २०२५, शनिवार

दोन्ही नेत्रिका आल्या. मंगळ पुनर्वसूजवळ, १६ तारखेची प्रतियुती होऊन नऊ दिवस झालेले. त्याचे बिंब सुमारे १४ कोनीय सेकंदांचे. मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे हवेचा थर कमीत कमी होता आणि १५० पट विशालनावर उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी स्पष्ट दिसली. मास्तरांनी चष्मा न काढता पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि रांगेतल्या मुलांना थांबावे लागले.

आरशांच्या संरेखनासाठी उसना आणलेला लेझर मात्र परत केला. तो फोकसरमध्ये (नेत्रिका बसते त्या नळीत) फिरवताना समोरच्या भिंतीवर त्याचा ठिपका एका जागी न राहता सुपारीएवढे वर्तुळ काढत होता, म्हणजे यंत्र स्वतःच तिरपे होते. अशा लेझरने आरसे जुळवणे म्हणजे वाकड्या ओळंब्याने भिंत बांधणे. त्याऐवजी साधी चेशायर नळी, म्हणजे डोळ्याने पाहून आरसे जुळवायची नळी, घेतली, जिच्यात बॅटरी नाही आणि बिघडण्यासारखे काही नाही. मुख्य आरशाच्या मध्यावरची कडी नळीच्या वर्तुळात आणली की काम संपते. नंतर एक तारा किंचित अस्पष्ट करून त्याची वलये समकेंद्री आहेत ना ते पाहायचे.

१ मार्च २०२५, शनिवार

एका स्नेह्याची दोन इंची, ३० मिलिमीटरची रुंद क्षेत्राची नेत्रिका आज वापरून पाहिली. दृश्य अप्रतिम होते, हे आधी कबूल करतो. मृगाचा तेजोमेघ भोवतालच्या ताऱ्यांसह असा आधी पाहिला नव्हता. मग साडेआठच्या सुमारास दुर्बीण अगस्त्य ताऱ्यावर वळवली. तो मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच), २२ अंशांवर होता. हात सोडताच नळीचे तोंड हळूहळू खाली झुकले, आणि पुन्हा उचलले तरी पुन्हा झुकले. अर्धा किलो काच तोंडाजवळ लटकल्यावर, नळी जितकी आडवी तितका तिचा तोल जास्त बिघडतो, आणि आम्हांला तर आडव्या नळीनेच दक्षिण आकाश पाहायचे आहे. मागच्या टोकाला जुन्या स्पीकरचे लोहचुंबक चिकटवून तोल साधला.

त्या चुंबकाने दुसरा घोटाळा केला. नळीवर टेकवलेला मोबाइल आणि त्यातले स्कायसफारी हे आकाशनकाशाचे ॲप आतापर्यंत चार-पाच अंशांच्या चुकीने का होईना पण दिशा दाखवत असे. आज त्याने अगस्त्याला पश्चिमेला नेऊन ठेवले. मोबाइलचे होकायंत्र पोलादी नळीजवळ मुळातच भरवशाचे नसते, चुंबकाने त्याची उरलीसुरली शुद्ध हरपली. दोन इंची नेत्रिका आणि मोबाइल, दोन्ही यादीतून वगळले.

बदल्यात फोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून सुतारांचा डिजिटल कोनमापक आणला. त्याच्या तळाला चुंबक असल्यामुळे तो नळीवर आपोआप बसतो आणि होकायंत्राशी त्याचा काही संबंध नाही. तो फक्त गुरुत्वाकर्षण ओळखतो. एका ओळखीच्या ताऱ्यावर त्याची चूक काढून घेतली की स्टेलॅरियममधला उन्नतांश वाचायचा, नळी त्या आकड्यावर आणायची आणि मग फक्त डावीउजवीकडे सरकत शोधायचे. दोन दिशांचा शोध एका दिशेवर येतो. वातावरणाच्या वक्रीभवनामुळे १५ अंशांवर पडणारा फरक साडेतीन कोनीय मिनिटांचा, तो नेत्रिकेच्या क्षेत्रात सहज सामावतो. या प्रकल्पातली सर्वांत उपयोगी वस्तू खगोलसामग्रीच्या दुकानात मिळाली नाही, याची मला अजून गंमत वाटते.

२९ मार्च २०२५, शनिवार, नेत्रावळीजवळ

अमावास्या, उद्या पाडवा. खळ्याचे क्षितिज दुपारीच मोजून नवी फाइल केली. दक्षिणेला टेकडी नऊ अंशांपर्यंत आहे, आणि त्रिशंकूचा पायथ्याचा तारा पावणेअकराच्या सुमारास तिच्यावर येईल असे पडद्यावर दिसत होते. वाटेतल्या खड्ड्यांनी आरसे हलले होते. चेशायरने जुळवायला सात मिनिटे लागली.

तारा १० वाजून ५१ मिनिटांनी झाडांच्या रेषेवर लुकलुकला. झाडांची उंची दुपारी मी जरा कमी मोजली असावी.

ईटा करीना त्याच सुमारास मध्यमंडलावर होता. ३७ पट आणि यूएचसी गाळणी (नेत्रिकेला लावायची, ठरावीक रंगांचाच प्रकाश सोडणारी काच). गाळणीविषयी थोडे सविस्तर, कारण समितीत तिच्यावर प्रश्न आला होता. ती उजेडाचे प्रदूषण "घालवत" नाही. ऑक्सिजनच्या ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटरच्या आणि हायड्रोजनच्या ४८६.१ च्या रेषा ती सोडते आणि बाकीचे बहुतेक अडवते. पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा गाळणीने बरेच साधत असे. आता वाड्यावाड्यावर आलेल्या एलईडींचा प्रकाश सर्व तरंगलांबींवर पसरलेला असल्यामुळे काही भाग गाळणीतूनही येतोच. दीर्घिका आणि तारकागुच्छ तिने उलट मंदावतात. पण तेजोमेघासाठी, आणि तोही १५ अंशांवर, जिथे प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत जवळजवळ चौपट हवा कापून येतो, फरक स्पष्ट होता : गाळणीशिवाय एक धुरकट डाग, गाळणीसह मधून काळी फट गेलेले दोन तुकडे.

साडेबाराला त्रिशंकूचा तो तारा १२० पटीवर दोन ताऱ्यांत विलग झाला. दीडच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी. ४८ पटीवर कापसासारखा गोळा. १२० वर कडेपासून मध्यापर्यंत रव्यासारखे तारे. १५० वर सगळे उकळू लागले आणि ८ ची नेत्रिका डबीत परत गेली. खाली दक्षिणेसाठी १२० ही मर्यादा धरून चालावी.

शोधकाची काच पहाटे तीनपर्यंत कोरडी होती. चौथ्या तासाला बॅटरीची तार कोणाच्या तरी पायात अडकून सुटली, आणि दहा मिनिटांत दव.

२० एप्रिल २०२५, रविवार

सौर फिल्म आली. ती सूर्यप्रकाशाचा फक्त एक लाखांश भाग आत सोडते आणि नळीच्या तोंडावरच बसवायची असते. नेत्रिकेवर लावायच्या काळ्या काचा उष्णतेने तडकू शकतात म्हणून त्या गटात आणायच्याच नाहीत. पुठ्ठ्याची चौकट मुलांनी केली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिला दोन पट्टे आहेत. शोधकाला टोपी. डागांचे दोन समूह दिसले.

२५ मे २०२५, रविवार

यंदा मोसमी पाऊस केरळात कालच, २४ तारखेला पोचला आणि येथे तर चारपाच दिवस झड लागून राहिली आहे. आवराआवर ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी करावी लागली.

नेत्रिका, गाळणी आणि चेशायर रबरी कडीच्या हवाबंद डब्यात, सोबत नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. डब्यातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. ६०-७० च्या वर आठवडेच्या आठवडे गेले की भिंगांवर बुरशीची जाळी धरते आणि ती खाली काच खरवडते. मणी हिरवे झाले की मंद आचेवर, १२० अंशांच्या आत, परत नारिंगी होईपर्यंत वाळवायचे. दुर्बिणीच्या नळीला मात्र प्लॅस्टिक गुंडाळलेले नाही. दोन्ही टोकांना कापडी टोप्या घालून ती माळ्याखालच्या खोलीत उभी ठेवली आहे, जिथे चुलीची ऊब पोचते. आठवड्यातून एकदा आरसा बघायची पाळी कोणाची, याचा तक्ता वाचनालयात लावला.

खर्च २७,४०० रुपये झाला. उरलेल्या रकमेतून शोधकाची पुढची काच बदलायची, की काटकोनी, सुलट प्रतिमा देणारा नवा शोधक घ्यायचा, हे ऑक्टोबरमध्ये पाहू. नवा घेतला तर छापलेले उलटे नकाशे सगळे बाद होतील, म्हणून मास्तरांचा कल काच बदलण्याकडे आहे. सकाळी डबा बंद करताना आर्द्रता ७१ होती. आता रात्री नऊला ५८.